तिसऱ्या विहिरीचं नाव

"वर कोण हाय?"

असा आवाज खालून यायचा. आधी पहारीचा ठोका थांबायचा, मग काही वेळ नुसती ऊन तापल्याची शांतता, आणि मग तो आवाज विहिरीच्या दगडांना घासत घासत वर चढायचा. वर येईपर्यंत तो आबाचा राहायचाच नाही, कुणातरी फार जुन्या, फार थकलेल्या माणसाचा व्हायचा. मुक्ता काठावर पालथी पडून खाली तोंड करायची. "म्या हाय आबा." "एकटीच?" "व्हय." "मग वढ पाटी, काढ मला वर." आणि खाली हसू फुटायचं. शाळेतल्या पोरीला दगडांची पाटी ओढवत नाही, बाप तर नाहीच नाही, हे दोघांना ठाऊक. पण खाली उतरलेल्या माणसानं मधूनमधून विचारत राहायचं असतं. विहीर खणणाऱ्यांचा तो नेमच आहे. वर कुणी आहे, एवढं कळलं की खालचा माणूस पुन्हा पहार उचलतो.

त्या आवाजाला बारा-तेरा वर्षं झाली. आता मुक्ता उस्मानाबादच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खुर्चीवर बसते, कानाला हेडफोन लावते आणि दिवसभर माणसांना माणसांशी जोडून देते. परंडा घ्या, येरमाळा बोला, लाइन खराब आहे, मोठ्यानं बोला. कुणी मयत कळवतो, कुणी ट्रॅक्टरचा पार्ट मागतो, कुणी नुसताच हॅलो हॅलो करत राहतो. आवाजांचं तिला आता काही वाटत नाही. कानावर आदळून ते पलीकडे निघून जातात, धान्य पाखडताना भूस जातं तसे. तिला थांबवलं ते आवाजानं नाही, एका फाटकावर रंगवलेल्या अक्षरांनी. सकाळची ड्यूटी संपवून ती भर दुपारी दवाखान्याच्या मागच्या नव्या वसाहतीतून खोलीवर निघाली होती. ऊन असं की डांबर चपलेला धरून ठेवत होतं. एका बैठ्या घराला नवीन लोखंडी फाटक बसलं होतं आणि त्यावर निळ्या ऑइलपेंटनं, जरा वाकड्या हातानं लिहिलं होतं: रहोबोथ. ती पुढं गेली. चार पावलांनी थांबली. भर बाजारात, अनोळखी माणसांच्या गर्दीत, कुणीतरी आपल्याला घरातल्या लाडाच्या नावानं हाक मारावी आणि वळून पाहावं तर ओळखीचं कुणीच नसावं, तसं तिला झालं. हा शब्द जगात एकाच ठिकाणी होता. येरमाळ्याच्या पुढं, फाट्यावर उतरून आत गेलं की वस्ती, वस्तीच्या पलीकडे ओढा, ओढ्याच्या पलीकडे माळ, आणि माळावर एक उभा दगड. त्या दगडावर आबानं छिन्नीनं हीच चार अक्षरं कोरली होती. लहानपणी तिला वाटायचं, खोल पाण्यात दगड पडला की असाच आवाज होत असेल. मोठेपणी वाटायला लागलं, आबानं तो शब्द मनानंच बनवला असेल. ज्याच्याजवळ दुसरं काही नसतं तो शब्द बनवतो.

"कोण पाहिजे?" ओसरीवर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. पन्नाशीची, पांढरी साडी, पायात रबरी स्लिपर.

"कुणी नाही. हे नाव..."

"बाई गं, तुम्हीपण? पोस्टमन विचारून दमला. गवळी म्हणतो हे औषधाचं नाव असणार, सिस्टरच्या घरावर दुसरं काय! शेजारच्या वकिलीणबाईंना वाटतं माझं माहेर केरळात आहे."

"आमच्या विहिरीचं नाव आहे हे," मुक्ता म्हणाली.

बाईचा सुपातला हात थांबला. तिनं चष्मा नाकावर सारून मुक्ताकडे नीट पाहिलं. "ख्रिस्ती आहात?"

"नाही. बौद्ध."

"मग?"

बाईनं तिला आत घेतलं, माठातलं पाणी दिलं. एस्तेर साळवे तिचं नाव, मूळची नगरकडची, दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डाला सिस्टर. आणि पाणी पिऊन होईतो तिनं त्या नावाची गोष्ट सांगितली, तांदळातले खडे बाजूला टाकत टाकत, जणू शेजारणीच्या घरचं सांगते आहे. इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतला शब्द आहे तो. बायबलातल्या जुन्या कराराच्या पहिल्याच पुस्तकात, दुष्काळाच्या गोष्टीत येतो. इसहाक नावाचा मेंढरांचा धनी परमुलखात राहत होता. त्याच्या गड्यांनी विहीर खणली, पाणी लागलं, तर तिथले गुराखी धावून आले, पाणी आमचं म्हणाले. इसहाकानं त्या विहिरीचं नाव ठेवलं एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिच्यावरही तेच. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. मग तो तिथून उठला, लांब गेला, आणि तिसरी खणली. तिच्यावर कुणीच भांडायला आलं नाही. तेव्हा त्यानं नाव ठेवलं रहोबोथ. मोकळी जागा. आता आपल्याला ह्या जगात पाय पसरायला जागा झाली, असं. "ते ठिकाण अजून आहे म्हणतात वाळवंटात कुठंतरी. आणि माझं म्हणाल तर दोन भाड्याची घरं झाली, दोन्ही मालकिणींशी नळावरून भांडणं. हे तिसरं, स्वतःचं. म्हटलं, ठेवा हेच नाव." सिस्टर स्वतःशीच हसली. "तुमच्या वडिलांना कुठून ठाऊक?"

आबा लहानपणी मिशनच्या शाळेत दोन इयत्ता शिकला होता, एवढं मुक्ताला माहीत होतं. पाद्रीबाई भिंतीवर रंगीत चित्रं लावायची आणि चित्रातल्या माणसांच्या गोष्टी सांगायची. मग त्याच्या बापानं त्याला शेळ्यांमागं काढलं. छप्पन साली सगळ्या वस्तीबरोबर आबानं दीक्षा घेतली, घरातले देव ओढ्यात सोडले, पण ह्या तीन विहिरी त्यानं सोडल्या नाहीत. मुक्ता खोलीवर आली, गादीवर पडली, पंखा कण्हत राहिला आणि ती विहिरी मोजत राहिली. एसेक. ती मुक्ताच्या जन्माच्या आधीची. आबा आणि त्याचा भाऊ, दोघांनी वस्तीच्या कडेला ओढ्यात झिरपा धरून खणलेली. पाणी गोड लागलं, आणि ज्या वर्षी गावची बारव आटली त्या वर्षी गाव म्हणालं, ओढा गावाचा. पुढं वस्तीच्या बायकांनी आपल्याच विहिरीवर घागरी घेऊन लांब उभं राहायचं आणि वरून कुणी ओतेल तेव्हा घ्यायचं. सितना. आबा गावातला मोठा शेतकरी महारुद्र ह्याच्या बापाकडे सालगडी होता. बांधालगतची एक पट्टी तुझी, कसून खा, असं म्हाताऱ्यानं बैलपोळ्याला चार माणसांत म्हटलं होतं. आबानं त्या पट्टीत विहीर काढली. म्हातारा मेला, महारुद्र म्हणाला, पट्टी कुणाची आणि विहीर कुणाची? आणि काठावर लाकूड आडवं टाकून वाट बंद केली. आबा भांडला नाही. घरी येऊन म्हणाला, "दुसरी झाली." जणू ठरल्याप्रमाणंच चाललं आहे. जणू कुणीतरी आधीच लिहून ठेवलं आहे आणि दोन झाल्याशिवाय तिसरी येत नाही. माय जात्यावर बसली की ह्या दोन्ही विहिरी ओवीत यायच्या. आंधळ्या पहाटे, पिठाच्या वासात, मुक्ताला त्या झोपेत ऐकू यायच्या:

पहिली माझी ओवी, पहिल्या त्या झऱ्याला
पाणी गेलं गावाला, चिखल राहिला घराला

दुसरी माझी ओवी, बांधाच्या त्या पाण्याला
हात नाही लावायाचा, खणणाऱ्या शहाण्याला

तिसरी ओवी मायनं कधी गायली नाही. तिसरी विहीर बाहत्तरच्या दुष्काळातली. तेव्हा वस्तीतल्या भूमिहीनांची सहकारी शेती संस्था निघाली होती, सरकारनं गायरानातला माळ दिला होता आणि आबा चेअरमन झाला होता. चेअरमनला टोपी नव्हती, ती वस्तीतल्या व्यंकटकाकानं आपली दिली. माळावर विहीर मंजूर झाली आणि आबानं पहिली पहार मारायच्या आधी काय केलं, तर एक दगड उभा करून त्यावर नाव कोरलं. वस्ती जमली, हसली. "आबाराव, जय भीम म्हणतूस आन् हिरीला पाद्र्याचं नाव ठिवतूस?" व्यंकटकाका म्हणाला. "ह्ये देवाचं नाव न्हाय," आबा म्हणाला, "हिरीचं हाय." सगळे हसले, माय हसली नाही. ती दगडाकडे बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आवं, पोटातल्या लेकराचं नाव ठिवत्यात का कुटं? जल्मू द्या, रडू द्या. बाराव्या दिशी ठिवा की." आबानं छिन्नी झटकली. "आता कोन भांडायचं राह्यलंय पुतळे? माळ आपला, सोसायटी आपली. हितं पानी लागनारच. लिवलेलं हाय त्ये." आज, सिस्टरच्या तोंडून गोष्ट ऐकल्यावर, मुक्ताला कळलं की त्या इसहाकानं तर प्रत्येक विहिरीला नाव दिलं ते पाणी लागल्यावर, भांडण झाल्यावर किंवा न झाल्यावर. आधी कुणीच दिलं नव्हतं. आबाला गोष्ट पाठ होती, फक्त तेवढं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं, किंवा पाद्रीबाईनं सांगितलं तेव्हा तो खिडकीतून शेळ्यांकडे बघत असेल.

काळा पाषाण लागला. पहारी बोथट झाल्या. संस्थेचे सभासद एकेक करून रस्त्याच्या कामावर गेले, खडी फोडायला, तिथं निदान खायला सरकारी सुकडी मिळत होती. सुरुंगवाला मंजुरी संपली म्हणून यायचा थांबला. आबा एकटाच उतरत राहिला आणि "वर कोण हाय?" विचारत राहिला. शाळा बंदच होती, म्हणून वर मुक्ता असायची. त्या दिवशी नव्हती, तापानं घरात पडली होती. आबानं कुठूनशी सुरुंगाची दारू मिळवली होती, भोकं स्वतः भरली, वात पेटवून वर आला. बार उडाला नाही. बराच वेळ वाट पाहून तो काठावर ओणवा झाला. तेव्हा उडाला. माणसं त्याला बाजल्यावर घालून आणत होती, तोंडावर मायचं लुगडं गुंडाळलेलं, आणि त्या लुगड्याच्या आतून तो एकच विचारत होता, लागलं का? लागलं का पानी? माय बाजल्याबरोबर पळत होती. तिनं एकदा मागं माळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "लागलं."

त्या एका शब्दावर घर उभं आहे. दवाखान्यातून आंधळा होऊन आल्यावर आबानं पाणी मागितलं तेव्हा मायनं घागर पुढं केली, "रहोबोथचं हाय. लई न्हाय लागलं, झरा बारीक हाय, रानाला पुरायचं न्हाय. पेयापुरतं पाझरतंय." आबा प्यायला. थोडा वेळ तोंडात धरून प्यायला. म्हणाला, "ग्वाड हाय." तेव्हापासून माय रोज उजाडायच्या आत दोन घागरी घेऊन जाते आणि ऊन वर आल्यावर येते. माळाच्या वाटेनं निघते, ओढ्याशी वळते आणि महारुद्रच्या रानात जाते. सितनावर. त्या बाजूला दुष्काळात टिकून राहणारं तेवढंच एक पाणी. तिथं ती गोठा झाडते, शेण भरते, आणि मग महारुद्रची बायको म्हाळसाबाई पोहरा शेंदून तिच्या घागरीत ओतते. म्हाळसाबाई वाईट नाही. "आज उशीर केलास पुतळा," म्हणते, "वासराचं झाडायचं ऱ्हायलंय बग." दोराला मात्र हात लावू देत नाही. सगळ्या वस्तीला हे ठाऊक आहे. वस्ती आबाला सांगत नाही. ही दया आहे की तमाशा, हे मुक्ताला आजवर उमगलं नाही. एकदा, ती मॅट्रिकला असताना, आबानं हट्ट धरला, मला रहोबोथवर ने, हात लावून बघायचंय. मायनं दोन दिवस मागितले. पाय मुरगाळला म्हणाली. त्या दोन दिवसांत मायलेकींनी सितनाचं पाणी घागरी घागरींनी माळावर वाहिलं आणि त्या काळ्या, कोरड्या, तापलेल्या खड्ड्यात ओतलं. ओतलं की दगड सूं करायचा आणि पिऊन टाकायचा. तिसऱ्या दिवशी आबाला काठाशी उभं केलं. आत उतरणं धोक्याचं, पायऱ्या ढासळल्यात, असं मायनं आधीच सांगून ठेवलं होतं. आबानं चाचपून एक खडा उचलला आणि टाकला. तळाशी वीतभर पाणी उरलं होतं. डुबुक. आबा ऐकत राहिला. त्याच्या तोंडावर काय होतं ते मुक्ताला तेव्हाही वाचता आलं नाही, कारण डोळ्यांत नजर नसली की हसू आणि रडू एकाच जागी येतं. "चला," म्हणाला, "ऊन लई झालं."

आता पंख्याखाली पडल्या पडल्या तिला वाटलं, त्या विहिरीवर कुणी भांडायला आलं नाही हे खरंच झालं. गोष्टीतल्यासारखंच झालं. ज्यात पाणी नाही तिच्यावर कोण भांडणार? मोकळी जागा मिळाली होती. माळभर मोकळी जागा, वारा आणि एक दगड.

ती सिस्टरकडे पुन्हा गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. त्या घरात नुसतं बसून राहिलं तरी तो शब्द खरा वाटायचा. बोलता बोलता आबाच्या डोळ्यांचा विषय निघाला. "उजेड कळतो का त्यांना?" सिस्टरनं विचारलं. कळतो. उजव्या डोळ्याला दार उघडं की बंद ते कळतं. "मग घेऊन या बाई! मार लागूनही मोतीबिंदू धरतो. पुढच्या महिन्यात शिबिर आहे इथल्या शाळेत. मोठे डॉक्टर येणार. इतकी वर्षं कुणी दाखवलंच नाही?" कुणी दाखवलं नव्हतं. मुक्ताला आठवलं, आपणही कधी म्हटलं नव्हतं. शहरात येऊन चार वर्षं झाली, दवाखान्यावरून रोज जाणं-येणं, आणि मनात एकदाही आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि मनानं त्याच्यावर लाकूड आडवं टाकलं असेल.

रविवारी ती गावी गेली. येरमाळ्याला एसटी बदलली, फाट्यावर उतरली. यंदाही ओढ्यात वाळूच होती आणि जनावरं फासळ्या दाखवत उभी होती. माय चुलीपुढं होती. मुक्तानं सांगितलं तशी मायनं फुंकणी खाली ठेवली.

"नगं."

"कामून नगं? एक डोळा येतोय माय. दिसंल त्याला."

"दिसंल," माय म्हणाली. "आन् पयलं काय बघंल? तुला बघंल, मला बघंल. मंग म्हणंल, चला माळावर." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पुन्हा पुढं सारलं. "बाजल्यावर होता तुजा बाप. मरायला टेकला हुता. म्या म्हणलं, एवढं ऐकून तर जाऊ दे. मला काय म्हाईत, जगंल म्हणून? जगला. मंग रोज खोटं आणावं लागलं डोईवर. आता त्ये खोटं न्हाय ऱ्हायलं गं, त्यो जगतोय त्याच्यावर. त्याला डोळा देशील तू, आन् हीर काढून घेशील. मंग डोळ्यानं काय बघत बसंल त्यो? मला?"

मुक्ताच्या मनात दोन पारडी होती आणि दोन्हीत बापच बसला होता. एकात डोळ्यांचा बाप, एकात विहिरीचा. दोन्ही एकदम उचलता येत नव्हते. इतक्यात भिंतीपलीकडून, बाजल्यावरून, आबाचा आवाज आला, "कशाचं शिबिर म्हणायलीस मुक्ते?" आणि सगळं ऐकून घेऊन, कुणाला काही सुचायच्या आत तो म्हणाला, "जाऊ. बगू तरी काय म्हणत्यात."

मायनं त्या दिवशी भाकरी करपवली. आयुष्यात करपवली नव्हती.

जायच्या दिवशी वस्ती फाट्यापर्यंत आली. व्यंकटकाकानं आबाच्या खांद्यावर हात ठेवला, "आबाराव, डोळा आल्यावर पयलं माजं तोंड बगू नगासा. इस्वास उडंल डोळ्यावरचा." "तुजं तोंड हातानं बगितलंय व्यंकट," आबा म्हणाला, "तवाच ठरवलंय, दुसरीकडं बगायचं." सगळे हसले. हसता हसता एकेक जण मायकडे बघत होता आणि नजर काढून घेत होता. एसटीत माय खिडकीशी बसली, डोक्यावर पदर गच्च ओढून. येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगराकडे बसमधल्या बायकांनी हात जोडले. मायनं जोडले नाहीत, पण त्या बाजूला बघत मात्र राहिली, काही मागायचंच झालं तर कुणाकडे मागावं हे न कळणाऱ्या माणसासारखी.

शाळेच्या वर्गातून बाकं काढून टाकली होती. फरशीवर सतरंज्या, सतरंज्यांवर म्हातारी माणसं ओळीनं, फळ्यावर कुण्या मास्तरचं अर्धवट पुसलेलं गणित. डॉक्टरांनी आबाच्या डोळ्यात बॅटरी धरली, डावा गेला म्हणाले, उजवा उद्या सकाळी करू, चांगलं दिसेल. चांगलं, असं ते अगदी सहज म्हणाले. सिस्टर साळवे आनंदली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आबाच्या पापण्या कातरल्या, उजव्या भुवईवर खुणेची चिकटपट्टी लावली आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आबा, तुमची रहोबोथ ना? माझ्या घराचंपण तेच नाव आहे."

आबा चेहरा वळवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरं केलंत. पानी हाय का तुमच्यात?"

"नळ आहे. एक दिवसाआड येतो."

"मंग चांगलं हाय," आबा म्हणाला आणि बराच वेळ मान हलवत राहिला.

ओळ पुढं सरकत होती. ज्याची पाळी येई त्याला दोघं जण धरून आतल्या वर्गात नेत. माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. मुक्ता दोघांच्या मध्ये. तिला एकाएकी वाटलं, आत्ता सांगून टाकावं. वर्गाच्या दारातून आत जाण्याआधी. निदान तिकडून येऊन त्यानं माळावर एकट्यानं ती कोरडी विहीर बघू नये. ओठांपर्यंत शब्द आले आणि तिथं थांबले, लाइन लागावी, पलीकडे घंटी वाजत राहावी आणि कुणी उचलू नये, तसे. तिनं मायकडे पाहिलं. मायनं डोळे मिटून घेतले होते. जणू आता आंधळं होण्याची पाळी तिची होती.

"आबाराव कोण?" दारातून हाक आली. सिस्टरनं त्याचा दंड धरला. आबा उठला नाही. त्यानं हात वर नेला, भुवईवरची पट्टी नखानं चाचपली, एका कडेनं सोलली आणि काढून सिस्टरच्या तळहातावर ठेवली.

"ह्ये दुसऱ्या कुनाला लावा बाई. म्या येत न्हाय."

"अहो आबा, घाबरू नका. कळणारसुद्धा नाही."

"घाबरलो न्हाय. डागदरला एक इचारायचं हुतं, त्येच्यापायी आलतो. खरंच येतोय का डोळा, का पोरीची आशा हाय. येतोय म्हणला. मंग आता नगं." तो भिंतीच्या बाजूला वळला, जिथं माय बसली होती. तिच्याकडे वळायला त्याला कधीच चाचपावं लागत नसे. "पुतळे, हितं ये. बस. आज बोलतो, परत बोलायचो न्हाय."

माय जागची हलली नाही. तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला होता.

"तू रहोबोथचं म्हणून जे पाजतीस, त्ये सितनाचं हाय. पयल्या घोटालाच वळखलं म्या. बांधाची हीर म्या खणलीय. कंबरंएवढा चुनखडीचा थर फोडलाय, पयली वंजळ म्या पेलोय तिथली. त्या पान्यात डाळ शिजत न्हाय. आपल्या घरात इतकी वर्सं डाळ शिजली न्हाय. माळावर काळा पाषाण हाय, तिथं लागलं असतं तर येगळं लागलं असतं. माळावर न्हाय लागलं. त्ये मला बाजल्यावरच कळालं, लागलं म्हणताना तुजा आवाज ऐकला तवाच." ओळीतली म्हातारी माणसं आपापले अंधार घेऊन ऐकत होती. "मंग बोललो कामून न्हाय? आदी वाटलं, तुजं मन मोडंल. मंग कळालं, तसं न्हाय. म्या बोललो तर मला म्हणावं लागंल, नगं जाऊ त्येच्या गोठ्यात. आन् तू न्हाय गेलीस तर पानी कुठलं? दुसरं पानीच न्हाय. म्हणून म्या पीत ऱ्हायलो आन् ग्वाड हाय म्हणत ऱ्हायलो. तू येतीस तवा लुगड्याला शेणाचा वास येतो, तरी ग्वाड हाय म्हणलो. आंधळा हाय तवर मला ठावं न्हाय असं तरी म्हणता येतंय, पुतळे. डोळा आला तर सकाळच्या पारी तुला घागर घेऊन निघताना बगावं लागंल. त्ये बगून, त्ये पानी, माज्याच्यानं न्हाय पेववायचं."